आंब्याच्या खोडावरील राखाडी चट्टे आणि काळ्या रेघा: हा रोग आहे का?

पैनगंगाकाठ (किनवट)

नमस्कार. आमची शेती किनवट तालुक्यात, सागाच्या जंगलाला लागून आहे. बांधावर वडिलांनी राखलेली गावरान आंब्याची जुनी झाडे असून त्यांच्या आतल्या पट्टीत मी केशर आंबा लावला आहे. जुन्या झाडांच्या खोडांवर आणि जाड फांद्यांच्या सावलीतील अंगाला राखाडी-पांढरे चट्टे आहेत. ते सालीला इतके घट्ट बसले आहेत की नखाने काढू गेल्यास सालीचा भुगा निघतो, पण चट्टा वेगळा होऊन येत नाही.

जवळून पाहिले असता प्रत्येक चट्ट्यावर बारीक काळ्या रेघा दिसतात. काही सरळ, काही वाकड्या, काहींना दोन-तीन फाटे फुटलेले, आणि लांबी साधारण एक ते पाच मिलिमीटर. जिथे दोन चट्टे एकमेकांना भिडतात, तिथे मध्ये एक सलग काळी कड तयार झाली आहे. पावसाळ्यात हेच चट्टे ओले झाले की हिरवट दिसू लागतात आणि ऊन पडले की पुन्हा राखाडी होतात.

कृषी सेवा केंद्रात फोटो दाखवला, तेव्हा दुकानदाराने ही बुरशी असल्याचे सांगून तारेच्या ब्रशने खोड खरवडण्याचा आणि नंतर कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारण्याचा सल्ला दिला. माझी काळजी अशी की एक जुने झाड शेंड्याकडून वाळत आले आहे आणि नेमके त्याच झाडावर हे चट्टे सर्वांत जास्त आहेत. हा रोग असेल तर तो केशरवर पसरेल का, आणि याचे नेमके नाव काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

परभणीकर_कृषी

पैनगंगाकाठ, आपण केलेले वर्णन रोगाचे नाही, शैवाकाचे म्हणजे लायकेनचे आहे. बुरशी म्हणणारा दुकानदार अर्ध्यापुरता बरोबर आहे, कारण शैवाकाचे शरीर बहुतांशी बुरशीच्याच तंतूंचे बनलेले असते. मात्र त्या तंतूंच्या आत शैवाल राहते, ते उन्हावर अन्न तयार करते आणि बुरशी त्या अन्नावर जगते. झाडाकडून अन्न घेण्याची तिला गरजच पडत नाही. आपण सांगितलेला ओले झाल्यावर हिरवट होण्याचा गुण हीच त्याची खूण आहे: भिजल्यावर वरचा थर पारदर्शक होतो आणि आतले शैवाल दिसू लागते. खोडावर रोग पाडणाऱ्या बुरशीत असा बदल दिसत नाही.

सालीचा बाहेरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. हे खपलीसारखे शैवाक त्या मृत थरावर आणि थोडेसे त्याच्या आत पसरते. झाडाचा अन्नरस वाहतो तो आतल्या जिवंत सालीतून, आणि तिथपर्यंत ते पोहोचत नाही. पाणी त्याला पावसातून व दवातून मिळते, आणि क्षार धुळीतून व खोडावरून ओघळणाऱ्या पाण्यातून मिळतात.

वाळत चाललेल्या झाडावरच ते जास्त का, हा प्रश्न बागायतदारांकडून वारंवार येतो. इथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. झाड अशक्त झाले की पाने विरळ होतात, खोडावर जास्त उजेड पडतो, खोडाची जाडी वाढण्याचा वेग मंदावतो आणि साल लवकर तडकत नाही. शैवाकाला हवी असलेली स्थिर जागा त्यामुळे मिळते. म्हणून त्या झाडाच्या बाबतीत चट्टे बाजूला ठेवून खरे कारण शोधावे. बुंध्यापासून पहिल्या फांद्यांपर्यंत बारकाईने पाहा. छिद्रे, छिद्रांखाली पडलेला भुसा किंवा काळपट चिकट स्राव आढळला, तर ते भिरुडाचे (खोड पोखरणाऱ्या किडीचे) काम आहे आणि जुन्या आंब्यात शेंड्याकडून वाळण्यामागे ते अनेकदा असते. तसे असल्यास छिद्रात तार घालून अळी काढावी आणि छिद्र बुजवावे. खोडावर मातीचे पापुद्रे चढले असतील तर वाळवी पाहावी. बुंध्याशी पावसाळ्यात पाणी साचते का, हेही पाहावे.

तारेचा ब्रश अजिबात वापरू नका. शैवाकाने जी इजा झालेली नाही ती ब्रशने होईल, आणि खरवडलेल्या सालीतून कीड व रोग या दोघांनाही वाट मिळेल. केशरवर हे शैवाक पुढे-मागे येईल, कारण साल जुनी झाली की ते येतेच. पण त्यासाठी फवारणीवर खर्च करण्याचे कारण नाही.

मोसंबीवाला_जालना

परभणीकर साहेब, आपल्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. आमच्या मोसंबीच्या बागेत खोडांवर असेच पांढरट शेवाळ धरले होते. बोर्डो मिश्रण फवारले, खोडाला पेस्ट लावली, आणि पुढच्या आंबिया बहारापर्यंत शेवाळ गेलेच, शिवाय झाडेही टवटवीत झाली. जर त्याचा काहीच त्रास नसतो, तर मग झाडे सुधारली कशी?

परभणीकर_कृषी

दादा, ताम्रयुक्त बुरशीनाशकाने शैवाक मरते, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. तांबे त्यातील बुरशी आणि शैवाल दोघांनाही मारक आहे. परंतु तेच तांबे मोसंबीवरील डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) आणि फांद्यांवरील इतर रोगही रोखते, आणि झाड सुधारण्याचे श्रेय तिकडे द्यायला हवे. बोर्डो पेस्ट आपण लावतो, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, ती बुंध्यापासून साधारण एक मीटर उंचीपर्यंत. ती डिंक्यासाठीच असते, आणि ती जरूर चालू ठेवावी. पेस्टच्या वरच्या भागात शैवाक राहिलेली झाडे आपल्याच बागेत असतील तर त्यांच्या फळधारणेची तुलना इतर झाडांशी करून पाहा, म्हणजे या वादाचा निकाल आपल्याच बागेत लागेल.

सालपापुद्रा (छत्रपती संभाजीनगर)

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि शैवाक हा माझा अभ्यासाचा विषय आहे. रोगाविषयी वर जे लिहिले गेले त्यात भर घालण्यासारखे काही नाही; मी नावाकडे वळते.

काळ्या, लांबट, फाटे फुटणाऱ्या रेघा, पांढरट गुळगुळीत खपली आणि सावलीतील साल हे तिन्ही एकत्र आले की पहिला अंदाज ग्राफिस या प्रजातीचा (म्हणजे जवळच्या अनेक जातींच्या गटाचा) करावा. मिशेल आदांसों यांनी ही प्रजाती १७६३ साली मांडली. तिच्यातील सर्वांत परिचित जातीचे वर्णन लिनियस यांनी त्याआधीच १७५३ मध्ये केले होते, पण त्या काळी जवळजवळ सगळी शैवाके एकाच प्रजातीत कोंबली जात असल्यामुळे १८०९ मध्ये आखारियस यांनी तिला ग्राफिसमध्ये आणेपर्यंत ती वेगळ्याच घरात होती. उष्ण कटिबंधातील दमट जंगलांत सालीवर वाढणाऱ्या खपलीवजा शैवाकांत या प्रजातीचा मोठा वाटा आहे, आणि सह्याद्रीत तर ती विपुल आहे.

त्या काळ्या रेघा म्हणजे शैवाकातील बुरशीची फळे आहेत. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग घ्या आणि एकच रेघ नीट पाहा. ती सपाट नसते, सालीच्या वर थोडी उचललेली असते आणि तिच्या लांबीभर मधोमध एक चीर असते, गव्हाच्या दाण्यावर असते तशी. चिरेच्या दोन्ही बाजूंना काळे, कोळशासारखे ठिसूळ ओठ असतात. काही जातींत या ओठांवर आणखी बारीक समांतर खाचा असतात, काहींत ओठ बाजूंनी पांढऱ्या खपलीने झाकलेले असतात, तर काहींत चीर उघडी राहून आतली तबकडी दिसते आणि तिच्यावर पांढरी भुकटी असते. जाती ओळखताना याच बारकाव्यांचा उपयोग होतो, म्हणून फोटो काढताना पूर्ण खोडाऐवजी एका रेघेचा फोटो अधिक कामाचा ठरतो.

आतल्या शैवालाची परीक्षा घरीही करता येईल. चट्ट्याचा एक कोपरा ब्लेडने अगदी हलके खरवडा. आत पिवळसर-नारिंगी छटा असलेला हिरवा रंग दिसला, तर ते ट्रेंटेपोहलिया या गटातील शैवाल असण्याची शक्यता मोठी आहे. हे हिरव्या शैवालांपैकीच आहे, पण त्याच्या पेशींत कॅरोटीन इतके साठते की हिरवेपणा झाकला जातो. हेच शैवाल स्वतंत्रपणेही वाढते. दमट भागात पावसाळ्यात खोडांवर आणि जुन्या भिंतींवर मखमली नारिंगी थर दिसतो, तो अनेकदा त्याचाच असतो. ग्राफिसचे सर्व सदस्य याच प्रकारच्या शैवालासोबत राहतात.

याच शैवालाच्या नात्यातील सेफॅल्युरॉस नावाचे शैवाल मात्र आंब्याच्या पानांवर तांबूस, मखमली ठिपके पाडते. ते खरोखरच परजीवी आहे, पानाच्या आत शिरते. पानांवर तसे ठिपके असतील तर ते वेगळे प्रकरण समजावे आणि खोडावरील चट्ट्यांना त्यासाठी दोष देऊ नये.

दोन चट्ट्यांमधील काळी कड म्हणजे दोन स्वतंत्र शैवाकांची हद्द आहे. खपलीच्या कडेला बुरशीचे शैवालविरहित काळे तंतू असतात, आणि दोन शैवाके समोरासमोर आली की ती कड अधिक ठळक होते. त्यामुळे आपल्या खोडावर एक मोठा चट्टा नसून शेजारी-शेजारी वाढलेली अनेक शैवाके आहेत, असे समजावे. अशा खपल्या वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबाने, कधी त्याहूनही सावकाश वाढतात. तळहाताएवढा चट्टा आपल्या वडिलांच्या काळापासूनचा असू शकेल.

बालाघाटी (अंबाजोगाई)

माहितीपूर्ण चर्चा. माझ्या दोन शंका आहेत. आमच्या भागात कडुलिंब, बाभूळ आणि आंबा यांच्या खोडांवर राखाडी रंगाची, गोल पसरणारी, कडेला पाकळ्यांसारखे तुकडे असलेली शैवाके दिसतात, पण अशा काळ्या रेघांची कधी पाहिली नाहीत. असे का? दुसरे असे की आपण काळ्या मसाल्यात जे दगडफूल घालतो, तेही शैवाकच ना? मग खोडावरचे हे खाता येते का?

सालपापुद्रा (छत्रपती संभाजीनगर)

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देते, कारण ते थोडक्यात आहे: खाऊ नये. दगडफूल हे शैवाकच आहे, पण ते पार्मोट्रेमा आणि तिच्या जवळच्या प्रजातींचे, पानासारखे सुटे वाढणारे आणि सालीवरून उचलून काढता येणारे असते. ते हिमालयातून आणि पश्चिम घाटातून गोळा होऊन बाजारात येते. खपलीवजा शैवाक सालीशिवाय निघतच नाही, त्यामुळे मसाल्यात शैवाकाऐवजी आंब्याची सालच जास्त पडेल.

पहिली शंका महत्त्वाची आहे. बालाघाटाच्या माथ्यावर आणि एकूणच मध्य मराठवाड्यात पाऊस कमी, उन्हाळा लांब आणि झाडे एकटी उभी असतात. अशा उघड्या, कोरड्या जागी पिक्झिन आणि डिरिनेरिया या प्रजातींची शैवाके चांगली तग धरतात, आणि आपण वर्णन केलेली गोल, कडेला तुकड्या-तुकड्यांची शैवाके त्यांचीच असावीत. त्यांच्यातील शैवाल वेगळ्या प्रकारचे, गोल पेशींचे असते. ट्रेंटेपोहलियाला मात्र सावली आणि दमट हवा मानवते. किनवट-माहूरचा पट्टा मराठवाड्यात जास्त पावसाचा आहे, तिथे सागाचे जंगल आहे आणि नदीकाठच्या झाडांची सावली एकमेकांवर पडते, म्हणून तिथे ग्राफिस आढळणे स्वाभाविक आहे. अंबाजोगाईच्या बाजूला शोधायचेच असेल तर मोकळ्या रानातल्या लिंबावर वेळ घालवू नका. घळीत, ओढ्याच्या काठी, दाट सावलीतील गुळगुळीत सालीवर पाहा.

सालीचा प्रकारही तितकाच निर्णायक आहे. पेरू आणि अर्जुन आपली साल पापुद्र्यांनी टाकत राहतात, त्यामुळे सावकाश वाढणाऱ्या खपलीला तिथे घर करायला वेळच मिळत नाही. चिंचेची साल खोल भेगांची असते, तिच्यावर इतर शैवाके येतात, पण ग्राफिसला गुळगुळीत साल अधिक मानवते. आंबा आणि फणस या दृष्टीने चांगले.

पैनगंगाकाठ (किनवट)

सर्वांचे मनापासून आभार. वाळणारे झाड तपासले. पहिल्या जाड फांदीच्या बेचक्यात छिद्रे आणि खाली ओलसर भुसा आढळला, म्हणजे परभणीकर सरांनी सांगितल्याप्रमाणे भिरुडच निघाले. त्याचा बंदोबस्त सुरू केला आहे आणि कॉपरची फवारणी रद्द केली आहे.

ताई, आपण सांगितल्याप्रमाणे ब्लेडने कोपरा खरवडला. आत हिरवा आणि त्यात स्पष्ट पिवळसर-नारिंगी रंग दिसला. भिंगातून रेघेवरची चीरही दिसली. काही रेघांचे ओठ मिटलेले आहेत, तर शेजारच्याच एका चट्ट्यावर रेघा नसून काळे गोल ठिपके आहेत. माझ्या शाळेतील मुलांना हे दाखवायचे आहे, त्यामुळे जातीचे पूर्ण नाव मिळाले तर बरे होईल. फोटोवरून सांगता येईल का?

सालपापुद्रा (छत्रपती संभाजीनगर)

सर, शेजारचा गोल ठिपक्यांचा चट्टा हा ग्राफिस नाही. काळे, अर्धगोल उंचवटे आणि त्यांच्या टोकाला सूक्ष्म छिद्र असेल तर तो पायरेन्युला किंवा तिच्या जवळची प्रजाती असू शकेल. त्यातही आत ट्रेंटेपोहलियाच असते, त्यामुळे केवळ आतल्या रंगावरून या दोघांत फरक करता येत नाही. फळाचा आकारच पाहावा लागतो. मुलांना दाखवण्यासाठी हे दोन शेजारी चट्टे उत्तम आहेत.

जातीचे नाव फोटोवरून देणे मी टाळते. रॉबर्ट ल्युकिंग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ग्राफिससाठी जागतिक ओळख-किल्ली प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यात ३३० जाती होत्या. एवढ्या जातींतून एक निवडायची तर रेघेचा आडवा छेद घेऊन काळी भिंत फक्त बाजूंनाच आहे की तळाशीही बंद होते, हे पाहावे लागते. मग बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे: त्यांना फक्त आडवे पडदे आहेत की आडवे-उभे दोन्ही. आयोडीनच्या द्रावणात ग्राफिसचे पक्व बीजाणू निळे-जांभळे होतात, ही प्रजातीची एक महत्त्वाची खूण आहे. शेवटी खपलीतील रसायन: दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर पिवळा रंग येऊन तो लाल झाला तर नॉरस्टिक्टिक आम्ल आहे असे मानतात. हे द्रावण त्वचा आणि डोळे भाजते, म्हणून ते मुलांच्या हाती देऊ नये. शिक्षकांनीच करून दाखवावे.

जुनी पुस्तके वापरणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्विस शास्त्रज्ञ म्युलर यांनी या रेघांच्या शैवाकांची विभागणी केवळ बीजाणूंवरून केली. रंगहीन आणि आडव्या पडद्यांचे बीजाणू असतील तर ग्राफिस, रंगहीन पण जाळीदार पडद्यांचे असतील तर ग्राफिना, तपकिरी असतील तर फिओग्राफिस आणि फिओग्राफिना. ही चौकट सोयीची होती आणि शंभर वर्षांहून जास्त काळ टिकली. भारतीय अभ्यासकांसाठी डी. डी. अवस्थी यांनी १९९१ मध्ये तयार केलेली खपलीवजा शैवाकांची किल्लीही तिच्यावर आधारलेली आहे. २००२ मध्ये बेट्टिना श्टायगर यांनी फळाच्या भिंतीची रचना आणि आतील तंतूंचा विचार करून नवी मांडणी केली, आणि ग्राफिनातील अनेक जाती ग्राफिसमध्ये आल्या. त्यामुळे जुन्या पुस्तकात ग्राफिना म्हणून आढळलेली जाती आज ग्राफिसच्या नावाने शोधावी लागते. माझ्या मते नवी मांडणी अधिक बरोबर आहे, पण शाळेच्या सूक्ष्मदर्शकासमोर जुनी चौकट अजूनही हाताशी असावी, कारण तिच्यातील प्रश्न मुलांना स्वतः विचारता येतात.

नमुना पाठवायचा असेल तर जिवंत खोडावरून साल कापू नका. वाऱ्याने पडलेल्या किंवा छाटणीत निघालेल्या फांदीवर हेच शैवाक सापडेल. तिची पातळ साल, रेघांसकट, धारदार चाकूने काढा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्यास बुरस येतो, म्हणून जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत सावलीत वाळवून कागदी पाकिटात घाला. पाकिटावर गाव, तालुका, झाडाचे नाव, खोड की फांदी, उजेड किती आणि तारीख एवढे लिहा. या नोंदीशिवाय नमुना कितीही सुंदर असला तरी संग्रहात त्याचा उपयोग होत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांच्या अभ्यासाची मोठी परंपरा असून तिथे नमुन्यांचा संग्रहही आहे, मात्र पाठवण्यापूर्वी त्यांना पत्राने विचारून घ्यावे. माझ्याकडे पाठवलात तर छेद घेऊन फोटोसह येथेच कळवीन. पाकिटे दोन करा: एक माझ्यासाठी आणि एक आपल्या शाळेसाठी, आणि दोन्हींवर एकच क्रमांक टाका.